डाळ, पाला आणि तवा : नाशिक जिल्ह्यातील धिरड्याचा विचार

भिजवून वाटलेल्या कडधान्याचे किंवा दळलेल्या धान्याचे सरसरीत पीठ तापल्या तव्यावर पसरून, कडेने तेल सोडून भाजलेल्या तिखटमिठाच्या पदार्थाला धिरडे म्हणतात, आणि महाराष्ट्रात प्रदेश बदलला की त्याचे नाव, धान्य आणि जाडीही बदलते. कोकणातील घावन तांदळाच्या पिठाचे आणि जाळीदार असते. आंबोळीत तांदळाला उडदाची जोड मिळते व पीठ आंबवले जाते. विदर्भात तांदळाचे आयते होतात. आणि थालीपीठ, म्हणजे भाजून दळलेल्या मिश्र धान्यांचे मळून थापलेले पीठ, हे ओल्या पिठाच्या या कुळातले नसले तरी त्याचे जवळचे आप्त मानावे लागते. या सर्वांत मुगाचे, मटकीचे वा हरभऱ्याचे धिरडे आणि त्यात मूठमूठ चिरून घातलेली मेथी, शेपू किंवा शेवग्याचा पाला, ही जोडी आजच्या आहारचर्चेत प्रथिनयुक्त न्याहारी म्हणून नव्याने पुढे आली आहे. ती नवी नाही, आणि तिच्या नावाने सांगितले जाणारे सगळेच खरेही नाही. म्हणून या पदार्थाचा हिशेब एकदा नीट मांडणे आवश्यक ठरते, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल.

याचे कारण या जिल्ह्याच्या भूगोलात आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांच्या उतारांवर भाताबरोबर नागली, वरई, उडीद आणि खुरासणी ही पिके घेतली जातात. पूर्वेला येवला, नांदगाव, मालेगाव या अवर्षणप्रवण पट्ट्यात बाजरी, मूग, मटकी, हुलगा आणि रब्बीचा हरभरा ही जुनी पिके होती. आणि या दोन्हींच्या मध्ये गोदावरी, कादवा व दारणा यांच्या पाण्यावर दिंडोरी, निफाड, नाशिक आणि सिन्नर तालुक्यांतील पालेभाज्यांचे मळे उभे राहिले. धिरड्याला लागणारे कडधान्य, तृणधान्य आणि पाला या तिन्ही वस्तू अशा रीतीने एकाच जिल्ह्यात पिकतात. पूर्व भागातील मूग-मटकीचे क्षेत्र मका, सोयाबीन आणि कांदा यांनी बरेच व्यापले, ही गोष्ट मात्र खेदाने नोंदवावी लागते. मूग हे साठ-पासष्ट दिवसांत हाती येणारे पीक असून मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने ते हवेतील नत्र जमिनीत बांधते, त्यामुळे त्याचे शेतातून जाणे हे जमिनीचे आणि ताटाचे, असे दुहेरी नुकसान आहे.

कडधान्य वाटून तव्यावर भाजण्याची रीत या भूभागात किती जुनी आहे, याचा एक भक्कम पुरावा ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला हा ग्रंथ इ. स. ११२९-३० च्या सुमारास सिद्ध झाला; त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, जिथे मराठी आजही बोलली जाते. या ग्रंथातील अन्नाच्या प्रकरणात डाळींच्या वाटणात हिंग, जिरे, मीठ घालून तेल लावलेल्या तापल्या पात्रावर पसरायच्या ‘धोसक’ नावाच्या पदार्थाचे आणि अनेक डाळींचे पीठ एकत्र करून केलेल्या ‘विदलपाका’चे वर्णन आहे. त्यातील धोसकात तांदूळ नाही, तो निखळ डाळीचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आजचे मुगाचे धिरडे हे दक्षिणेकडील डोशाचे अनुकरण समजण्याचे कारण उरत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील बागलाण, कळवण, देवळा आणि मालेगाव या अहिराणी बोलणाऱ्या भागात याच विचाराची आणखी एक शाखा दिसते, ती म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट काळे उडीद मिसळून, सामान्यतः चार भागांना एक भाग या प्रमाणात, मिठासह दळून आणलेल्या पिठाला कळणा म्हणतात. ही भाकरी ठेचा, कांदा किंवा भरताबरोबर खाल्ली जाते. पश्चिमेकडील कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांत नागलीच्या भाकरीबरोबर उडदाची डाळ हेच नित्याचे जेवण आहे. पिठात कालवा, पानात शेजारी वाढा किंवा तव्यावर एकत्र भाजा, तृणधान्य आणि कडधान्य एकमेकांना सोडत नाहीत, ही या सर्व रीतींमधील समान गोष्ट होय.

तिचे शास्त्रीय कारण प्रथिनांच्या घडणीत सापडते. प्रथिने अमिनो आम्लांच्या साखळ्यांची बनलेली असतात, आणि त्यांपैकी नऊ अमिनो आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नसल्याने ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, तर मूग, उडीद, हरभरा यांत लायसिन भरपूर असूनही गंधकयुक्त मेथिओनिन अपुरे असते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते आणि शरीराला त्या प्रथिनाचा उपयोग अधिक चांगला करता येतो. नागलीत प्रथिन सात टक्क्यांच्याच आसपास असले, तरी त्यात मेथिओनिन चांगले असते, शिवाय शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. म्हणून मुगाच्या वाटणात थोडे नागलीचे पीठ कालवणे ही केवळ धिरडे मोडू नये म्हणून केलेली युक्ती नव्हे.

आता आकड्यांकडे वळता येईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम कच्च्या अख्ख्या मुगात सुमारे साडेबावीस ग्रॅम प्रथिन असते. हुलगा, काळे उडीद आणि हरभऱ्याची डाळ यांचे प्रमाणही एकवीस-बावीसच्या घरात आहे, तर तांदळात ते आठ ग्रॅमच्या जवळपास भरते. शंभर ग्रॅम मूग, पंचवीस ग्रॅम नागलीचे पीठ आणि निवडून शंभर ग्रॅम भरलेली मेथी एवढ्या सामग्रीची मध्यम आकाराची सहा धिरडी होतात असे धरले, तर मुगाचे साडेबावीस, नागलीचे पावणेदोन-दोन आणि मेथीचे साडेतीन-पावणेचार मिळून एकूण अठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे एका धिरड्यामागे पाच ग्रॅमला थोडे कमी प्रथिन येते. तीन धिरडी आणि शंभर ग्रॅम दही घेतल्यास सतरा ग्रॅमच्या आसपास मजल जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन हवे, म्हणजे पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला सेहेचाळीस आणि पासष्ट किलोच्या पुरुषाला चौपन्न ग्रॅम. त्या स्त्रीची एकतृतीयांशाहून अधिक गरज या एका न्याहारीत भागते. हेच तीन घावन निव्वळ तांदळाचे असते, तर तेवढ्याच कोरड्या पिठातून मिळणारे प्रथिन याच्या निम्म्याहूनही कमी भरले असते.

याच हिशेबातून एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट पुढे येते, ती अशी की धिरड्यातील पाला प्रथिनासाठी नसतो. पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. शंभर ग्रॅम पालकात प्रथिन दोन ग्रॅमच भरते, कोथिंबीर व मेथीत साडेतीनच्या जवळपास, आणि या सर्वांत वरचढ असणाऱ्या शेवग्याच्या पाल्यात सहा ग्रॅमच्या थोडे वर. पाल्यामुळे धिरडे प्रथिनसमृद्ध होते हे वारंवार छापले जाणारे विधान म्हणून टिकत नाही. पाल्याचे काम निराळे आहे, आणि ते प्रथिनाच्या कौतुकात झाकले जाऊ नये इतके मोठे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत स्त्रियांचे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाचे मूळ बहुतांशी लोहाच्या कमतरतेत असले, तरी रक्तपेशी नीट घडण्यासाठी फोलेट हे ब-गटातील जीवनसत्त्वही लागते, आणि त्याचा शोध महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेला आहे. लूसी विल्स ही ब्रिटिश संशोधक १९२८ साली मुंबईत आली व कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. या स्त्रियांच्या आहारातच काही उणे आहे असे तिने ओळखले आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली अमेरिकेत वेगळे काढले गेले, ते चार टन पालकातून. गिरणगावातील त्या अनाम स्त्रियांच्या दुखण्यातून मिळालेले हे ज्ञान मेथीच्या जुडीत रोज हाताशी असताना ती जुडी ताटात शोभेपुरती राहावी, हे पटण्यासारखे नाही.

पाल्यातील सर्वच पोषण शरीराला सहज मिळते असेही नाही. पालक, राजगिरा आणि तांदुळजा यांत ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य पुष्कळ असते, जे कॅल्शियमला बांधून ठेवते व ते आतड्यातून शोषले जाऊ देत नाही. त्यामुळे पालकातील कॅल्शियमचा मोठा आकडा कागदावरच राहतो, आणि त्या दृष्टीने मेथी किंवा शेवगा अधिक उपयोगी ठरतो. वनस्पतीतील लोह शोषले जाण्यास क-जीवनसत्त्वाची मदत होते, पण हे जीवनसत्त्व तव्याच्या आचेवर बरेच नष्ट होते, म्हणून धिरड्याबरोबर लिंबाची फोड, आवळ्याची किंवा कच्च्या कोथिंबिरीची चटणी हवी. चहातील टॅनिन मात्र लोहाच्या आड येते. न्याहारीला लागूनच चहा घेण्याची सवय महाराष्ट्रभर असली, तरी रक्तक्षय असलेल्या व्यक्तीने दोहोंत तासाभराचे अंतर ठेवणे हिताचे आहे. कडेने सोडलेले चमचाभर तेल टाळण्याचेही कारण नाही, कारण पाल्यातील कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ-जीवनसत्त्व बनवते, ते स्निग्धांशाशिवाय नीट शोषले जात नाही.

कडधान्याच्या बाजूनेही अशीच तयारी करावी लागते. मुगाच्या सालीत व दाण्यात फायटिक आम्ल असते, जे लोह आणि जस्त यांना अडवते, आणि काही अशा शर्करा असतात ज्या लहान आतड्यात पचत नाहीत व पुढे जाऊन वायू धरतात. सहा ते आठ तास भिजवून ते पाणी फेकून दिल्याने दोन्हींचे प्रमाण घटते आणि मोड आणल्यास आणखी घटते. मिसळीसाठी मटकीला मोड आणणे हा नाशिकच्या घरांचा नित्याचा व्यवहार आहे, आणि त्यातलीच उरलेली मोडाची मटकी दुसऱ्या दिवशी आले-मिरचीबरोबर वाटून तिची धिरडी घालणे यासारखा शहाणपणा नाही. कच्च्या मोडांपेक्षा भाजलेले वाटण पचायला सोपे असते, कारण प्रथिनाच्या पचनात अडथळा आणणारी कडधान्यातील काही द्रव्ये उष्णतेने निष्प्रभ होतात.

प्रत्यक्ष कृतीत चूक होते ती बहुधा पाल्याच्या पाण्यामुळे. मेथी निवडताना कोवळ्या देठांसह पाने खुडावीत, जून देठ टाकावेत, आणि पावसाळ्यातील मातकट जुडी मोठ्या पातेल्यात निदान तीनदा बुडवून, दर वेळी पाणी न ओतता पाला वर उचलून घ्यावा, म्हणजे रेती तळाशी राहते. नंतर तो फडक्यावर पसरून कोरडा करावा व बारीक चिरावा. भिजलेले मूग आले, हिरवी मिरची, लसूण आणि जिऱ्याबरोबर किंचित रवाळ वाटावेत. अगदी गुळगुळीत वाटणाचे धिरडे चिवट होते. त्यात नागलीचे पीठ, हळद, हिंग कालवून पाव तास ठेवावे आणि पाला व मीठ तवा तापल्यावरच घालावे, कारण मीठ लागताच पाल्याला पाणी सुटते, पीठ सैल पडते आणि धिरडे उलथण्याला चिकटून फाटते. बिडाचा तवा अर्ध्या चिरलेल्या कांद्याने तेलात पुसून घेतला, की पीठ मधोमध ओतून पळीच्या पाठीने आतून बाहेर फिरवावे. डोशाइतके पातळ करण्याचा हट्ट धरू नये, पाला असलेले धिरडे थोडे जाडच राहते. वर झाकण ठेवावे, आच मंद करावी, आणि वरच्या बाजूचा ओलसर चकाकीचा थर मावळून कड आपोआप सुटू लागली, की मगच उलटावे. लोखंडी किंवा बिडाच्या तव्यातून अन्नात थोडे लोह उतरते, हा एक जादा लाभ.

कोणता पाला धिरड्यात चालतो, याला एक साधी कसोटी आहे: जो चार-पाच मिनिटांच्या आचेत शिजतो, तोच. मेथी, शेपू, चाकवत, चंदनबटवा, कांद्याची पात, मुळ्याचा कोवळा पाला, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे आणि शेवगा हे सर्व यात बसतात. शेपू मुगाशी फार जुळते आणि तिच्या वासाला नाके मुरडणारी मुलेही धिरड्यातून ती खातात. आषाढ-श्रावणात सुरगाणा, पेठ, त्र्यंबक भागातील आदिवासी स्त्रिया टोपल्यांतून टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या शहरात आणतात, त्यांपैकी टाकळा व कुर्डू यांची फुलोऱ्याआधीची कोवळी पाने चालतात. अळू, शेवळे, लोत यांचा मात्र धिरड्यात वापर करू नये, कारण त्यांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाज आणतात व त्यांना चिंच-आमसुलासारख्या आंबटाबरोबर दीर्घकाळ शिजवणे लागते. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी पाल्याचे प्रमाण एकाएकी वाढवू नये, कारण हिरव्या पानांतील के-जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रथिनाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

पाल्याच्या या उपयोगाला बाजाराचीही एक बाजू आहे. पंचवटीतील नाशिक कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कोथिंबीर, मेथी, शेपू आणि कांद्याची पात यांचा लिलाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या हिशेबाने होतो आणि तेथून माल मुंबई-ठाण्याकडे रवाना होतो. अतिवृष्टीत पीक सडले की कोथिंबिरीची एक जुडी शंभर रुपयांच्याही पुढे जाते, आणि आवक वाढली की तिला काढणीचा व वाहतुकीचा खर्चही मिळत नाही, तेव्हा उभ्या मेथीत जनावरे सोडण्याची किंवा शेतावर रोटाव्हेटर फिरवण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. ज्या जिल्ह्यात हे घडते, त्याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागात बालकांचे कुपोषण वर्षानुवर्षे चर्चेत आहे, ही विसंगती वाहतुकीच्या सबबीखाली झाकता येणार नाही. शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय निकषांत प्राथमिक शाळेतील मुलासाठी दिवसाला वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी आणि बारा ग्रॅम प्रथिन ठरवून दिले आहे. वर सांगितलेल्या एका धिरड्यात सतरा ग्रॅम मूग आणि तेवढीच मेथी असते. शेकडो मुलांसाठी तव्यावर एकेक धिरडे घालणे शक्य नाही, हे खरे; परंतु हेच वाटण थाळीत ओतून वाफवले आणि वड्या पाडल्या तर ते शक्य आहे, आणि डाळीचे वाटण पाला घालून वाफवण्याची रीत खानदेशातील फुणक्यांच्या रूपाने येथील स्वयंपाकाला चांगली परिचित आहे.

मागणी ओळखून बचत गट आणि छोटे उद्योग आता धिरड्याची तयार पिठे विकू लागले आहेत, आणि नोकरदार घरांसाठी ती सोय मोलाची आहे. येथे ग्राहकाने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे, वेष्टनावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक असल्याने, यादीत पहिले नाव तांदळाचे किंवा गव्हाचे असेल, तर ‘मूग’ ठळक अक्षरांत लिहिलेले ते पीठ मुख्यतः तांदळाचे किंवा गव्हाचे असते. दुसरी म्हणजे, प्रथिनाचा छापलेला आकडा शंभर ग्रॅम कोरड्या पिठाचा असतो. वरच्या कृतीतील मूग-नागलीच्या मिश्रणात कोरडेपणी शंभर ग्रॅमला एकोणीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन भरते, पण त्यात पाणी आणि पाला मिसळून ते तव्यावर भाजले गेले, की शंभर ग्रॅम तयार धिरड्यात आठ-साडेआठ ग्रॅमच उरते. प्रथिन कुठे नाहीसे झालेले नसते, वजन वाढलेले असते. म्हणून पाकिटावरील आकड्याऐवजी पातेल्यात किती डाळ पडली हे मोजावे आणि माणशी चाळीस-पन्नास ग्रॅम कोरडी डाळ धरून धिरडी घालावीत.